लाईट गेली, आली, आणि मधला पाऊस गेला कुठं? शेतातल्या डेटा लॉगरचं स्टार्टअप सेटिंग

दर पावसाळ्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. बांधात तुंबलेल्या पाण्याचा फोटो आणि खाली, "एवढा पडलाय तरी मंडळात १२ मिमी दाखवतंय, यंत्र आहे का चेष्टा". त्यावर पन्नास रिप्लाय. मी ही पाऊस मोजायची यंत्रं बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो त्यामुळं कुणीतरी मला टॅग करतंच, आणि मी दरवेळी तेच सांगतो की पाऊस एका शिवारात पडतो शेजारच्यात पडत नाही, हवामान केंद्र तुमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवर असेल, नरसाळ्यात चिमणीनं काड्या घातल्या असतील. हे खरंच असतं. पण अजून एक कारण असतं जे मी ग्रुपवर सांगत बसत नाही, कारण अंगठ्यानं टाईप करून ते समजावणं होणारच नाही, म्हणून इथं लिहितोय: त्या केंद्रातला नोंदी ठेवणारा डबा, म्हणजे डेटा लॉगर, मधेच कधीतरी बंद पडला, परत चालू झाला, आणि चालू झाल्या झाल्या पहिल्या एक-दोन मिनिटांत त्यानं काय केलं, ते.

आकड्याचं एवढं काय घेऊन बसलाय असं कुणी म्हणेल. तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि पंचनामा-मदत वगैरे पुढची सगळी गाडी त्या आकड्यावर चालते. द्राक्ष, डाळिंब, आंबा, काजू यांच्या हवामानावर आधारित विम्यात तर पीक बघायला कुणी येतच नाही, केंद्रानं नोंदवलेला पाऊस आणि तापमान बघूनच भरपाई ठरते. महावेध प्रकल्पात राज्यात मंडळनिहाय अशी दोन हजारांवर केंद्रं उभी राहिली, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारनं विंड्स नावाची व्यवस्था आणली तिचा इरादा तर तालुक्याला स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक असा आहे. म्हणजे हे खांब आता आपल्या बांधापर्यंत येणार. मग त्या डब्याच्या सवयी माहीत असलेल्या बऱ्या.

## डब्यात असतं काय

खांबावर वरती वाऱ्याच्या वाट्या, पांढऱ्या थाळ्यांच्या उतरंडीत तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, बाजूला पर्जन्यमापक, छोटं सोलर पॅनल, आणि मधोमध एक बंद पेटी. पेटीत युपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची बॅटरी, सिमकार्डवाला मोडेम, आणि डेटा लॉगर. लॉगर म्हणजे वहीवाला कारकून समजा. दर काही सेकंदांनी सेन्सरला विचारायचं किती झालं, दर दहा किंवा पंधरा मिनिटांनी वहीत ओळ लिहायची, तासाभरानं ती पानं मोडेमकडं द्यायची. बास एवढंच काम.

पर्जन्यमापकाच्या आत सी-सॉ सारखी दोन खणांची छोटी बादली असते. एक खण ठरलेल्या पाण्यानं भरला की बादली कलंडते, दुसरा खण नरसाळ्याखाली येतो, आणि कलंडताना एक चुंबक एका बारीक स्विचसमोरून जातो. टिक. एक टिक म्हणजे बऱ्याच मॉडेलमध्ये ०.२ मिमी पाऊस. लॉगर टिका मोजतो. तो पाऊस बघत नाही, टिका मोजतो, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि स्टार्टअप सेटिंग म्हणजे काय, तर करंट गेला आणि परत आला की या कारकुनानं आपणहून काय काय करायचं याची आधी भरून ठेवलेली ऑर्डर. कारण तिथं सांगायला कुणी नसतं. जवळात जवळ असलेला माणूस म्हणजे मी, आणि मी चाळीस किलोमीटरवर चहा पीत असतो.

## मोटरचा ऑटो माहीत आहे ना, मग झालं

शेतीपंपाला आपण ऑटो बसवतो. रात्री दोनला थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू, आपण झोपेत. ऑटो नसेल तर लाईट आली तरी मोटर गप्प, सकाळी जाऊन बघावं तर पाटात टिपूस नाही. हे झालं स्टार्टअप सेटिंग. लॉगरलाही हाच ऑटो असतो फक्त तो लोखंडी पेटीत नसतो, सॉफ्टवेअरमध्ये एका टिकमार्कवर असतो.

पण महावितरण दरवर्षी काय सांगतं, ऑटो काढा आणि कपॅसिटर लावा. का, तर लाईट आली रे आली की एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदमच उचलतात, सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, आणि डीपी जळते. म्हणजे आपोआप चालू होणं चांगलं, पण सगळ्यांनी एकदम, कसलीही खात्री न करता चालू होणं वाईट. लॉगरच्या पेटीत अगदी हाच प्रकार होतो, त्याकडं नंतर येतो.

## उठला, पण कुठलं काम करायला उठला?

मी पहिल्या वर्षी केलेला घोळ सांगतो. दुष्काळी माणदेशातलं एक केंद्र. जूनमध्ये सगळं बसवलं, लॅपटॉपवरून प्रोग्राम टाकला, पाऊस-वारा-तापमान सगळे आकडे येताहेत बघितलं आणि निघालो. त्या लॉगरमध्ये प्रोग्राम पाठवताना दोन खुणा करायच्या असतात, एक 'आत्ता चालव' आणि एक 'करंट आल्यावर चालव'. कॅम्पबेल कंपनीच्या लॉगरवर काम केलेल्यांना 'रन नाऊ' आणि 'रन ऑन पॉवर-अप' हे शब्द पाठ असतील, बाकीच्यांमध्ये नावं वेगळी पण भानगड तीच. मी पहिल्यावरच खूण केली. दुसरी खूण अजून ऑफिसमध्ये टेस्टिंगला टाकलेल्या जुन्या प्रोग्रामवर होती, तो फक्त बॅटरीचा व्होल्टेज मोजायचा.

महिनाभर काहीच झालं नाही. मग आमचाच एक पोरगा बॅटरी बदलायला गेला, जुनी काढली नवी लावली, हिरवा दिवा लुकलुकला, पोरगा खूश होऊन परत. आणि लॉगरनं इमानेइतबारे ऑर्डर पाळली, करंट आल्यावर चालवायचा प्रोग्राम चालवला, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज मोजत बसला. सर्व्हरवर केंद्र ऑनलाईन दिसतंय, दिवा लुकलुकतोय, तासातासाला पॅकेट येतंय. पावसाचा कॉलम रिकामा. आणि माणदेशात जुलैत पावसाचा कॉलम रिकामा असला तर कुणाला काही वाटतच नाही हो. एकोणीस दिवसांनी कळलं, तेही तापमान का येत नाही म्हणून कुणीतरी विचारलं म्हणून. चूक सगळी माझी.

बंद पडलेला लॉगर परवडला असं मला तेव्हापासून वाटतं, कारण बंद पडलेला निदान लाल दिसतो.

याचाच एक भाऊ म्हणजे बटणवाला स्टार्ट. होबो वगैरे छोट्या लॉगरमध्ये सुरुवातीला विचारतात की रेकॉर्डिंग लगेच सुरू करू, अमुक तारखेला करू, नोंदीच्या पुढच्या ठोक्याला करू, का बटण दाबल्यावर करू. बटणवाला पर्याय डोंगरात वगैरे न्यायला फार सोयीचा, नेऊन बसवा मग बटण दाबा, उगाच प्रवासातला डेटा भरत नाही. फक्त बटण दाबायला विसरू नका. हसू नका, विसरतात.

## जुनी वही ठेवायची का फाडायची

कारकून शुद्धीवर आला, समोर वही आहे, तीत कालपर्यंतच्या नोंदी. आता तीच वही पुढं चालवायची का नवी घ्यायची? बऱ्याच लॉगरना हे सेटिंग असतं. ऑफिसमध्ये टेस्टिंग करताना आपण 'जुना डेटा पुसून सुरू कर' असंच ठेवतो कारण तिथं कचरा नको असतो, आणि तसाच लॉगर शेतात गेला की दर वेळी झोपून उठला की पाटी कोरी.

कॅम्पबेलच्या लॉगरमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. त्यात पॉवरअप डॉट आयएनआय नावाची साधी टेक्स्ट फाईल कार्डवर किंवा पेनड्राईव्हवर ठेवता येते, लॉगर चालू होताना ती शोधतो आणि तिच्यात लिहिलेलं करतो. लॅपटॉप न नेता प्रोग्राम बदलायला एकदम झकास. ओळीच्या सुरुवातीला एक नंबर असतो, १ म्हणजे हा प्रोग्राम कायम चालव आणि डेटा ठेव, १३ म्हणजे कायम चालव आणि डेटा पूस. ५ म्हणजे तर थेट फॉरमॅट. आता विचार करा, १३ लिहिलेलं कार्ड टाकलं, काम झालं, आणि कार्ड काढायचं राहिलं. लॉगर पुढच्या प्रत्येक वेळी चालू होताना ते कार्ड बघणार आणि हुकूम परत पाळणार. काम झालं की कार्ड काढा असं बजावून सांगावं लागतं ते यासाठीच.

आता ग्रुपवरच्या त्या १२ मिमीकडं येऊ. वही शाबूत राहिली तरी कारकुनाच्या डोक्यात एक चालू बेरीज असते, 'आजचा एकूण पाऊस'. ती वहीत नसते, डोक्यात, म्हणजे कामापुरत्या मेमरीत, करंट गेला की साफ. समजा दुपारी चारपर्यंत ५८ मिमी पडला, चारला वीज कडाडली आणि लॉगर एक सेकंदभर बंद होऊन चालू झाला, बेरीज शून्य, मग पुढं १२ मिमी पडला. दिवसाचा पाऊस ७०, अतिवृष्टी. स्क्रीनवर १२. दहा-दहा मिनिटांच्या ओळी सर्व्हरवर सुखरूप असतील तर नंतर बेरीज करून ७० निघतोच, पण ज्यानं फक्त तो 'आजचा एकूण' चा रकानाच उचलला त्याला १२ च मिळणार. उपाय सोपा आहे, चालू बेरीज कायमच्या मेमरीत लिहीत राहायची आणि उठल्यावर तिथून वाचायची. कॅम्पबेलमध्ये प्रिझर्व्ह-व्हेरिएबल्स नावाची एक ओळ प्रोग्रामात टाकली की झालं. एक ओळ! ती नसते बऱ्याच ठिकाणी.

आणि दहा मिनिटांची ओळ लिहायच्या आधीच नवव्या मिनिटाला करंट गेला तर त्या नऊ मिनिटांच्या टिका गेल्याच. धो धो सरीत नऊ मिनिटांत दहा-बारा मिमी पडू शकतो. म्हणून पावसापुरतं मी दर मिनिटाला लिहायला लावतो, बाकी वारा-बिरा दहाला चालतो.

## घड्याळाचा घोळ सगळ्यात बेकार

लॉगरमध्ये घड्याळासाठी वेगळा नाण्याएवढा सेल असतो, रिमोटमध्ये किंवा वजनकाट्यात असतो तसला सीआर २०३२ वगैरे. मुख्य बॅटरी गेली तरी घड्याळ चालू राहावं म्हणून. हा सेल पाच-सात वर्षांनी मरतो आणि मेल्याचं कुणालाच कळत नाही, कारण मुख्य बॅटरी असेपर्यंत घड्याळ व्यवस्थित चालतं. ज्या दिवशी मुख्य करंट जातो त्या दिवशी घड्याळ थेट जन्मतारखेला. कुणी १ जानेवारी १९७० म्हणतं, कुणी २००० म्हणतं, जसा लॉगर बनवला असेल तसं. हे तसं बरं, कारण १९७० चा पाऊस बघून कुणीही ओळखतं की काहीतरी हुकलंय.

खरी मेख आहे ती साडेपाच तासांची. बरेच लॉगर चालू झाल्यावर वेळ जीपीएसवरून किंवा नेटवरून घेतात. ही वेळ जागतिक असते, म्हणजे ग्रीनिचची, आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढं. बसवताना लॅपटॉपवरून भारतीय वेळ लावली जाते, सगळं बरोबर. मग एकदा करंट गेला, लॉगर उठला, नेटवरून वेळ घेतली, साडेपाच मिळवायचं सेटिंग कुणी केलंच नव्हतं, आणि तिथून पुढं घड्याळ साडेपाच तास मागं.

आता आपल्याकडं पावसाचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. हवामान खात्याचा आजचा पाऊस म्हणजे काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ. समजा दुपारी एक ते तीन एकसारखा ८० मिमी पाऊस झाला. बरोबर घड्याळात तो सगळाच्या सगळा एका दिवसात, ८० मिमी, अतिवृष्टी. मागं पडलेल्या घड्याळात तोच पाऊस सकाळी साडेसात ते साडेनऊ दिसणार. आणि मधे साडेआठला दिवस तुटणार. ४० मिमी कालच्या दिवसात, ४० आजच्यात. एकाही दिवशी ६५ नाही. एक थेंब हरवला नाही, प्रत्येक टिक मोजली, आणि अतिवृष्टी गायब. अशी तक्रार आली तर पेटी उघडून काही सापडत नाही कारण सेन्सर उत्तम असतो.

## पहिलं रीडिंग मनावर घेऊ नका

आपणही झोपेतून उठल्यावर पहिल्या मिनिटात काय बोलतो त्याला अर्थ नसतो, सेन्सरचंही तसंच. जमिनीचं तापमान मोजायला डीएस१८बी२० नावाचा स्वस्तातला सेन्सर सर्रास वापरतात. करंट मिळाल्यावर त्याच्या पोटात आधीपासून एक आकडा भरलेला असतो, ८५ अंश सेल्सिअस. खरं तापमान मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो, तेवढं न थांबता विचारलंत तर तो ८५ सांगून मोकळा होतो. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं मला स्क्रीनशॉट पाठवला होता, सर जमीन उकळतेय. जमीन उकळत नव्हती, त्याचा लॉगर दर अर्ध्या तासानं रीस्टार्ट होत होता आणि प्रत्येक ८५ म्हणजे एकेक रीस्टार्ट. खरं सांगायचं तर आयता पुरावाच होता तो.

हवेच्या सेन्सरमध्ये उलटा प्रकार. शून्य ते एक व्होल्ट देणाऱ्या काही सेन्सरमध्ये शून्य व्होल्ट म्हणजे उणे ४० अंश. सेन्सरला अजून करंटच पोचला नाही आणि लॉगरनं वाचलं, की सांगोल्यात मे महिन्यात उणे ४०. हे निदान वेडेपणा म्हणून दिसतं. दिवसाचं किमान तापमान आपोआप काढणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र ते गुपचूप जाऊन बसतं.

आणि पाऊस. लॉगर चालू होताना वायरीवरचा व्होल्टेज शून्यावरून वर चढतो, तो चढ लॉगरला कधीकधी टिक वाटते. बादली हललेली नाही, आभाळ कोरडं ठाक, पण ०.२ मिमी जमा. एवढ्यानं काय होतंय? एकदा झालं तर काही नाही. पण रात्रीत तेरा वेळा रीस्टार्ट झाला तर २.६ मिमी, आणि हवामान खातं २.५ मिमी झाला की तो पावसाचा दिवस धरतं. कोरडा दिवस ओला झाला. पावसाचा खंड किती दिवसांचा हे मोजत असाल तर तो तिथं मोडला. म्हणून चालू झाल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांतल्या टिका सोडून द्यायच्या. कुणी म्हणेल त्यात खरा पाऊस गेला तर, तर ताशी ९० मिमीच्या मुसळधार पावसातही टिक साधारण आठ सेकंदांनी पडते, म्हणजे फार तर एक जाईल.

## पण सोलर आहे, बॅटरी आहे, मग बंद पडतंच कसं?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तेरा वेळा रीस्टार्ट कसा होईल याचं उत्तरही इथंच आहे. श्रावणात आठ-दहा दिवस ऊन नाही, पॅनलवर कावळ्यांनी कारभार केलेला, बॅटरी तीन वर्षांची म्हातारी. व्होल्टेज उतरत उतरत अकराच्या आसपास आला की पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर बॅटरी वाचवायला लोड, म्हणजे लॉगर-मोडेमचा करंट, तोडतो. लोड तुटला की बॅटरी जरा श्वास घेते, व्होल्टेज आपोआप थोडा वर जातो, साडेअकरा वगैरे. परत जोडायची मर्यादा तोडायच्या मर्यादेला चिकटून ठेवली असेल तर कंट्रोलर म्हणतो अरे वा आला करंट, जोडा. लॉगर उठतो, सेन्सर उठतात, आणि मोडेम उठतो. जीएसएम मोडेम टॉवर शोधताना क्षणभर का होईना दोन-दोन अँपियर ओढतो, तिथं लॉगर बिचारा मिलिअँपियरमध्ये जगत असतो. व्होल्टेज धाडकन खाली. तोडा. परत श्वास. परत जोडा. रात्रभर हेच.

डीपीची गोष्ट परत आली बघा. सगळ्या मोटरी एकदम.

यात मारामारी अशी की बॅटरीत उरलेलं जे काही होतं ते सगळं उठण्यातच गेलं, मोजण्यात गेलंच नाही. म्हणून एक तर परत जोडायची मर्यादा चांगली वर ठेवायची, अकराला तोडलं तर साडेबाराच्या आसपास गेल्याशिवाय जोडायचं नाही, म्हणजे ऊन पडून बॅटरी खरोखर भरल्यावरच. त्यात मधले काही तास कोरे जातात हे मान्य, पण ते कोरे म्हणून दिसतात. आणि दुसरं, उठायचा क्रम लावायचा. आधी लॉगर, मग सेन्सर, पाच-दहा मिनिटांनी व्होल्टेज बघून मोडेम, आणि व्होल्टेज कमी असेल तर मोडेमला हातच लावायचा नाही, नुसतं वहीत लिहीत बसायचं, पाठवणं उद्या. डेटा पाठवला नाही म्हणून कुणी मेलेलं नाही, डेटा लिहिलाच नाही तर विषय संपला.

## घरी टेबलवर तर नीट चालत होतं!

हे वाक्य मला आर्डुइनो नावाच्या छोट्या बोर्डावर घरीच लॉगर बनवणाऱ्या पोरांकडून एवढ्या वेळा ऐकायला मिळतं की बस. घरी तो लॅपटॉपला जोडलेला होता हाच फरक. काही आर्डुइनो बोर्डांच्या नमुना प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच एक ओळ असते, तिचा अर्थ 'कॉम्प्युटर जोडला जाईपर्यंत थांब'. टेबलवर कॉम्प्युटर असतोच, ओळ क्षणात पार. शेतात कॉम्प्युटर कुठला, बोर्ड त्या ओळीवर अनंतकाळ उभा. दिवा चालू, बॅटरी खाली होतेय, काम शून्य. नवरदेव लग्नाला तयार आणि वरात फाट्यावर थांबलेली. तशीच दुसरी ओळ, मेमरी कार्ड सापडलं नाही तर इथंच थांब. कार्ड आर्द्रतेनं एकदा रुसलं की संपलं, तिथं थांबण्यापेक्षा दहा सेकंदांनी परत प्रयत्न कर असं लिहिलं पाहिजे.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवाल्यांची वेगळीच तऱ्हा. पाय ४ पर्यंत त्यात सेलवरचं घड्याळच नव्हतं, पाय ५ मध्ये आलं पण सेल वेगळा लावावा लागतो. नेट नाही मिळालं तर तो शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढं मोजायला लागतो, म्हणजे तारीख खरी वाटते आणि असते खोटी. शिवाय टर्मिनल उघडून हातानं सुरू केलेला प्रोग्राम रीस्टार्टनंतर आपोआप सुरू होत नाही, त्याला सर्व्हिस म्हणून नोंदवावा लागतो.

बंदच पडला नाही पण मधेच अडकला तर, याच्यासाठी वॉचडॉग असतो. ठरलेल्या वेळात लॉगरनं 'आहे मी' असं नाही म्हटलं की तो त्याला गचांडी धरून रीस्टार्ट करतो. चांगली सोय. फक्त चालू झाल्यावर पहिली ओळ ही लिहायला लावा की मी का उठलो, करंट आला म्हणून, व्होल्टेज पडला म्हणून, का वॉचडॉगनं उठवलं म्हणून, आणि आतापर्यंत कितव्यांदा उठलो. माझ्या मते केंद्राच्या तब्येतीचा याच्यापेक्षा चांगला रिपोर्ट नाही, आणि नव्वद टक्के लोक हा कॉलम चालू करत नाहीत (टक्का माझा अंदाजे, भांडू नका).

## मग सरसकट ऑटोवरच ठेवा की

नाही ना जमत. पर्जन्यमापक तपासायला आम्ही नरसाळ्यात मोजून पाणी सोडतो आणि टिका बरोबर येतात का बघतो. त्या वेळी लॉगर 'दुरुस्ती चालू' मध्ये ठेवावा लागतो, नाहीतर माझ्या बाटलीतलं पाणी पाऊस म्हणून मुंबईला पोचतं. आता अशा तपासणीत मधेच बॅटरीची वायर निघाली, लॉगर ऑटोनं उठला आणि सरळ कामाला लागला, दुरुस्ती विसरला, तर भर एप्रिलमध्ये १० मिमी. झालंय असं. उलट दुरुस्तीची खूण कायमची लक्षात ठेवणारा लॉगर असेल आणि मी ती काढायला विसरलो तर पुढचा सगळा पाऊस तपासणीच्या खात्यात. म्हणून खूण लक्षात ठेवायची पण तिला मुदत घालायची, दोन तासांनी आपोआप सुटेल अशी.

लॉगर नुसता मोजत नसेल, ठिबकचा व्हॉल्व्ह किंवा मोटरही चालवत असेल, तर तिथं मी ऑटोच्या विरुद्ध आहे. उठल्यावर सगळं बंद अवस्थेत, मग आधी ओलावा मोजा, मग ठरवा.

## राहिलेला डेटा नंतर भरता येत नाही का?

तापमानाचा येतो थोडाफार. दोनचं ३१ आणि तीनचं ३३ असेल तर अडीचला ३२ धरलं तर आभाळ कोसळत नाही. पावसाचं तसं नसतं. दोनला पाऊस नव्हता, तीनला नव्हता, म्हणून अडीचला नव्हता असं कोण म्हणेल? शेजारच्या केंद्रावरून अंदाज बांधतात, पण शेजारच्या शिवारात पडतो आणि आपल्यात नाही हे तर आपण सुरुवातीलाच बोललो. आणि सगळं सर्व्हरवरून लांबून का नाही सुधारत म्हणाल, तर सर्व्हरचं बोलणं पोचायला मोडेम चालू लागतो, आणि हा सगळा तमाशा मोडेम चालू व्हायच्या आधीचा आहे.

त्या एकोणीस दिवसांनंतर मी एक सवय लावून घेतली. केंद्र बसवलं किंवा काहीही बदललं की निघायच्या आधी बॅटरीची वायर स्वतः उपटायची. अर्धा मिनिट थांबायचं, जोडायची. मग लगेच परत उपटायची, कारण उठता उठता गेला तर काय करतो तेही बघायचं असतं. परत जोडली की लॅपटॉप गाडीत ठेवून द्यायचा, आणि खांबाखाली बसून फोनवर बघत राहायचं की कुठला प्रोग्राम, किती वाजले, पाऊस शून्य आहे का, जुन्या ओळी आहेत का. मोडेम उशिरा उठवायचा असतो त्यामुळं यात पाऊण तास जातो.

ज्यांच्या रानात ते माणदेशातलं केंद्र आहे ते तात्या परवा बाजूच्या विहिरीवर आले होते. मी वायर परत जोडून बसलेलो.

"काय पाव्हणं, बिघडलं का?"

"नाही तात्या, चांगलंय. मीच बंद केलं."

"आन् आता?"

"आता आपणहून चालू होतंय का बघतोय."

तात्यांनी एकदा खांबाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आमची मोटार तर बटान दाबलं की हुती," म्हणाले, आणि चहा पाठवतो म्हणून निघून गेले. अठ्ठावीस मिनिटं झाली होती, फोनवर अजून काही आलं नव्हतं.